मायेची चौकशी

जर्मनीत आजारपणाचा दाखला दिला, तरी मालकाला कळतात ते फक्त रजेचे दिवस. रोगाचं नाव नाही. आता इतक्यावर मायाळू माणसाचं समाधान कसं व्हावं? एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या न्यूर्नबर्गमधल्या सेवा केंद्रातले साहेब रजेवरून परतलेल्याला अगत्याने बोलावून घेत. ‘वेलकम बॅक टॉक’ म्हणत या भेटीला. काय दुखत होतं, निदान काय झालं? बिचारा भडाभडा बोलून जाई आणि त्याची पाठ वळली की सगळं संगणकात. इतर गप्पांतून कळलेल्या घरातल्या कटकटी आणि देवधर्मही त्याच खात्यात जमा. हा जिव्हाळा 50 पर्यंत वरिष्ठांना वाचायला मोकळा होता. 2019 मध्ये सेटिंग चुकलं आणि काही तास तो अख्ख्या कंपनीला दिसला. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गच्या विदा-संरक्षण अधिकाऱ्यांनी या मायेचं बिल काढलं: सुमारे 3 कोटी 53 लाख युरो.

आपल्याकडे असल्या महागड्या फायली लागत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी रजेच्या अर्जाला टाचली की ती टेबलाटेबलावरून आपोआप फिरते, आणि मूळव्याधवाला कामावर हजर होण्याआधीच त्याच्या खुर्चीवर कुणीतरी उशी ठेवलेली असते.