डावे पेडल उलटे फिरते

पॅरिसच्या बाजूने निघून ब्रेस्टला शिवायचे आणि परत यायचे, १२०० किलोमीटर, ९० तासांत. १८९१ साली सुरू झालेला हा उद्योग आता दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होतो. पुढचा २०२७ साली. त्याआधी त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. पुण्या-मुंबईची माणसे हौसेने त्या करतात. पायांची तयारी कशी करावी हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. सायकल तिथवर न्यायची कशी, यावर अधिकारवाणीने बोलणारे फारसे कोणी नाही, म्हणून हे मार्गदर्शन. प्रस्तुत लेखकाने आजवर तीनदा सायकल विमानात घातली असून, पैकी दोनदा ती चालण्याच्या स्थितीत बाहेर आली आहे.

आधी खोके. नवी सायकल दुकानात ज्यातून येते तेच. दुकानदार नेहमी ‘कालच रद्दीत गेलं की हो’ असे म्हणतो. त्यावर न बोलता दोन ट्यूब विकत घ्याव्यात. खोके माळ्यावर सापडते. सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर ही विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा. तुमच्या खोक्याची एकटी लांबीच तिच्या आसपास जाते. तेव्हा आधी कळवून तिकिटावर सायकलची नोंद करून घ्यावी, आणि फोनवरच्या गोड आवाजावर न विसंबता ती लेखी घ्यावी.

आता पेडल. उजवे पेडल जगातल्या इतर सर्व स्क्रूंसारखे डावीकडे फिरवले की सुटते. डाव्याचे आटे उलटे असतात. हे प्रत्येक सायकलवाल्याला माहीत असते आणि रात्री साडेअकरा वाजता, पंधराचा पाना हातात असताना, प्रत्येक जण ते विसरतो. मग तो जोर लावतो. पेडल घट्ट होते. तो पान्यावर पाय देऊन उभा राहतो. पेडल आणखी घट्ट होते. आतून आवाज येतो, ‘अहो, खालचे लोक झोपलेत.’ सकाळी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जावे. तो बिडी न काढता एका झटक्यात पेडल सोडवतो आणि पैसे घेत नाही, हा अपमान वेगळा. ज्यांना तो टाळायचा असेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: पाना उभा लावून वरचे टोक मागच्या चाकाकडे ओढले, की दोन्ही बाजूंची पेडले सुटतात.

बाकी सोपे आहे. सीट काढण्याआधी नळीवर चिकटपट्टीची खूण करावी, नाहीतर फ्रान्समध्ये गुडघे अंदाजाने चालवावे लागतात. हँडल सोडवून फ्रेमला बांधावे. चाके काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सारावा. कोणी गंमत म्हणून ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात, आणि घरात लहान मूल असेल तर गंमत होतेच. मागचा डिरेलर सोडवून फडक्यात गुंडाळावा. तो ज्या हँगरवर लटकतो तो खोके आडवे आपटले की वाकतो, आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा, म्हणून एक जादा हवाच.

टायरमधली हवा काढा असे काउंटरवर हमखास सांगतात, नाहीतर वर गेल्यावर फुटेल म्हणे. टायरात ८० पीएसआय हवा असते. विमानाबाहेर अगदी निर्वात पोकळी असती तरी ताण पंधरानेच वाढला असता. हे काउंटरवर समजावू नये. थोडी हवा सोडावी, थोडी रिमच्या संरक्षणाला ठेवावी. विमान बनवणारे राइट बंधू मुळात डेटनचे सायकल दुकानदार. १९०३ च्या त्यांच्या विमानाचे पंखे चेननेच फिरत. हेही तिथे सांगू नये. मागे रांग असते.

पॉवरबँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, पाने आणि एलन की खोक्यात. उलट केले तर दोन्ही जातात. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. त्यापेक्षा पंप न्यावा.

सायकल साडेनऊ किलो, खोके धरून पंधरा. मर्यादा तेवीसची. उरलेल्या आठ किलोंची बातमी घरात कशी पोचते कळत नाही, पण शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि खजुराचे लाडू फ्रेमच्या त्रिकोणात चपखल बसतात. चटणी मात्र ब्रेकच्या डिस्कपासून दूर. तेल लागले की ब्रेक लागत नाहीत.

वजन करताना सावध राहावे. ‘एवढीशी हलकी? आणि पस्तीस हजार?’ असा प्रश्न येतो. वजन कमी होते तशी किंमत वाढते, हे सायकलशास्त्राचे तत्त्व इथे उलगडून सांगितले, तर पस्तीस हा आकडा टिकत नाही.

शेवटी कस्टम. महागडी वस्तू परदेशी नेताना निघण्यापूर्वी कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे येताना तिच्यावर शुल्क मागत नाहीत. त्यासाठी खरे बिल दाखवावे लागते. घरचे लोक टर्मिनलच्या दाराबाहेरच थांबतात, ही उत्तम सोय आहे. परतताना कस्टम ओलांडेपर्यंत तो कागद खिशात लागतो. त्यानंतर त्याची बारीक गुंडाळी करून सीटच्या नळीत सारावी, आत बसते. सीटची उंची कमी-जास्त करायला मात्र पुढे कोणालाही हात लावू देऊ नये.