आलंय कुठून?

माझा पीआर परवा पाचव्यांदा परत आला. पीआर म्हणजे 'माझा कोड मूळ कोडात घ्या हो' असा अर्ज, आणि तो अडवणारे आमचे चाळणकाका. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते एचआरलाच ठाऊक. तुमच्याही ऑफिसात असा एक काका असणारच: चष्मा कपाळावर, कंपनीच्या कॉफीमगात घरचा चहा, आणि कोडच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न, "हे आलंय कुठून?"

मी नोंदणीचा फॉर्म केला होता. ब्राउझरकडून जेसन नावाच्या मजकुराच्या साच्यात नाव आणि ईमेल यायचं, आणि ते आलं तसं मी डेटाबेसात ढकलत होते.

"आलंय कुठून?"

"आपल्याच फॉर्मवरून."

"आणि फॉर्म कुणाच्या मशीनवर उघडलाय?"

मी गप्प. काकांनी फॉर्मला वळसा घालून त्याच पत्त्यावर हातानं लिहिलेलं जेसन पाठवलं: नाव, ईमेल, आणि पदरचं एक फील्ड, 'इज-ॲडमिन: ट्रू'. काका ॲडमिन झाले. पहिलं काम म्हणून त्यांनी माझं खातं बंद केलं. मग कीर्तनकार आख्यानात शिरावा तसे ते २०१२ सालात शिरले. त्या मार्चमध्ये इगोर होमाकोव नावाच्या रशियन तरुणानं नेमक्या याच फटीतून गिटहबवरच्या रेल्स प्रकल्पाला स्वतःची चावी जोडली आणि त्यांच्याच कोडात कमिट करून दाखवली. "म्हणून हवी ती फील्डं नाव घेऊन आत घ्यायची," काका म्हणाले. "बाकीची चपलांसारखी दाराबाहेर."

काकांबरोबर लग्नाला तर जाऊच नये. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेलं नाणं बघून ते म्हणाले, "जावास्क्रिप्टच्या हाती दिलं असतं तर हा वरचा रुपया गेला असता." जेसनमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा पाठवा, जावास्क्रिप्ट तो ९००७१९९२५४७४०९९२ असा वाचते. दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडचा प्रत्येक पूर्णांक तिला नेमका धरता येतोच असं नाही. म्हणून लांबलचक आयडी अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवायचे. हे नवरीच्या मामांना सांगून झालं.

पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू झाला तेव्हा काकांना जेसनसारखाच दुसरा साचा, एक्सएमएल, आठवला. 'लोल' या शब्दाला दहादा बोलावणारं एक नाव, त्या नावाला दहादा बोलावणारं दुसरं, अशी नऊ नावं. एक किलोबाइटही नसलेली फाइल उलगडली की शंभर कोटी 'लोल' होतात आणि जवळजवळ तीन जीबी मेमरी गिळतात. या खोडीचं नाव 'बिलियन लाफ्स'. जेसनमध्ये ही सोय नाही, पण कंसात कंस, त्यात कंस घालत तो वाचणाऱ्या पार्सरचा जीव घेता येतोच. "आकार आणि खोली, दोन्हीला आधी मर्यादा," असं म्हणत काकांनी ताटावर आडवा हात धरला.

हे झालं येणाऱ्याचं. जाणाऱ्याचं तर विचारूच नका. वाढदिवसांच्या यादीत मी पडद्यावर फक्त नाव आणि तारीख दाखवत होते. काकांनी विचारलं, "आणि चाललंय काय काय?" एफ-ट्वेल्व दाबलं, तर सर्व्हरच्या उत्तरात सगळ्यांचे पगार! पडद्यावर दिसत नाही म्हणून पाठवलेलं नाही असं होत नाही. मागितलं तेवढंच द्यायचं, हा त्यांचा दुसरा नियम. खोलीत पाच जण होते. पाचांनीही आधी माझा पगार पाहिला आणि समाधानानं खुर्चीत टेकले.

काकांना "डब्यात काय?" विचारा. "भेंडी." पोळ्या किती, ते तुम्ही विचारलेलं नसतं.

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, कुणीतरी आमच्या सर्व्हरवर चार तास वाट्टेल ती फील्डं फेकत होतं. सकाळी लॉग उघडला तर ओळीनं ४००, ४००, ४००. चुकीची विनंती, परत जा. आत काहीच शिरलं नव्हतं. काही न घडल्याबद्दल कुणी शाल-श्रीफळ देत नाही. काकांना सगळ्यांसारखाच सुक्यामेव्याचा डबा मिळाला.

मागच्या शनिवारी स्वारगेटला एका म्हाताऱ्यानं आम्हाला थांबवलं. पाकीट मारलं गेलंय, बार्शीला जायचंय. मी काकांच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. त्यांचा हात सरळ खिशात गेला.

"अहो, पडताळणी?" मी कुजबुजले.

"तो काय पोर्टवर आलाय?" काका चिडले. खिडकीवर जाऊन भाडं विचारून आले आणि तिकिटाचे तेवढेच पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. वर रुपया नाही.

सोमवारी माझा पीआर सहाव्यांदा परत आला. कारण रास्त होतं. पण हे काकांपर्यंत जाऊ देऊ नका. त्यांनी विचारलेलं नाही.