सूज उतरेपर्यंत

नाकाचं ऑपरेशन झालेल्याला भेटायला येणाऱ्यांना नवं नाक बघायचं असतं. माझं तर सगळं आतलं काम. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा होता, तो सरळ केला. मावशीने चष्मा पुसून मला समोरून पाहिलं, मग बाजूने पाहिलं आणि म्हणाली, “तेच आहे की रे! मग पैसे कसले घेतले?”

तिला काय सांगणार? मलाच खात्री नव्हती. पॅक काढल्यावर भसाभस श्वास येईल असं वाटलं होतं. आलं ते फक्त डोळ्यांत पाणी. डॉक्टरांकडे सगळ्या शंकांना एकच उत्तर. डावी नाकपुडी बंदच आहे? सूज. वास येत नाही? सूज. कधी उतरेल? “तीन महिने तरी धरा.” एवढ्या मुदतीत तर माणूस तक्रार काय होती तेच विसरतो, पद्धत हुशारीची आहे.

दरम्यान नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही (हा नियम मी घरात दोनदा वाचून दाखवला), आणि शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. तशी शिंक मी दिली तेव्हा शेजारच्यांचा कुत्रा पलंगाखाली गेला. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आरशात नाक तपासायचो. आत खपल्या दिसायच्या. बऱ्या होणाऱ्या खपल्या कशा दिसतात आणि बिघडलेल्या कशा, हे ठाऊक नसलेल्या माणसाने टॉर्च हातात धरू नये.

मावशीचा उपाय साजूक तुपाचा. मी हसलो, पण तुपाची परंपरा खुद्द पुण्यातली निघाली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला 1793च्या सुमारास इथल्याच विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. सांधा धरायला पाण्यात भिजवलेला कात लावला आणि चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. 1794मध्ये ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून कारप्यू नावाच्या सर्जनने 1814मध्ये तिकडे तसंच नाक करून दाखवलं. भूल नव्हती, अँटिबायोटिक नव्हतं. कावसजीची सूज किती दिवस टिकली हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि मला नेमकं तेवढंच हवं होतं. डॉक्टरांना तूप विचारलं. त्यांनी मिठाच्या पाण्याची बाटली पुढे सरकवली.

मग एका दुपारी, कपडे वाळत घालताना, डावीकडून हवा आली. अगदी बारीक. मी तोंड घट्ट मिटून, हातात ओला टॉवेल धरून तसाच उभा राहिलो. हिला हाक मारावी तर तोंड उघडावं लागणार.

रात्री हिला अभिमानाने विचारलं, “आता घोरणं थांबलं असेल ना?”

“थांबलं नाही,” ही म्हणाली, “पूर्वी दबलेलं यायचं. आता मोकळं येतं.”