भिंती वाजवणारे काका

पुण्यातल्या एखाद्या रीसेल फ्लॅटच्या दारात रविवारी सकाळी सात वाजता, चपला काढायच्या आधीच छताकडे बघणारा गृहस्थ दिसला, तर तो घर घ्यायला आलेला नाही असं खुशाल समजावं. घर घेणारा त्याच्या मागे उभा असतो, जरा ओशाळून.

हे काका. कुणाचे तरी सख्खे काका ते असतातच, पण फ्लॅट बघण्यापुरते सगळ्या गोतावळ्याचे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, निदान तसा समज तरी. खिशात काचेची गोटी, जुना जाड रुपया आणि टेस्टर. हातात प्लास्टिकची बादली. दुसऱ्याच्या घरात बादली मागायची नाही, हा त्यांचा शिष्टाचार. दुसऱ्याचं कपाट सरकवायला मात्र हरकत नाही.

सातची वेळ त्यांचीच. एजंटला संध्याकाळचे पाच हवे असतात; ऊन उतरलेलं, सगळे दिवे लावलेले, उदबत्तीचा वास. काकांना नळाला पाणी यायची वेळ हवी. महिनाही त्यांच्या पसंतीचा, जुलै. “मे महिन्यात काय हो, कुठलंही घर कोरडंच असतं!” घर मुठेच्या काठी असलं तर चौकशी १२ जुलै १९६१ पासून सुरू होते. पानशेत फुटलं तेव्हा इथे किती फूट पाणी होतं? एजंट तेव्हा जन्मालाही आलेला नसतो. तो नम्रपणे बाल्कनीतून दिसणारी टेकडी दाखवतो. टेकडी आपल्या नावावर होणार नाही, म्हणून काका तिकडे बघतच नाहीत.

ते भिंती बघतात. चार भिंतींतली एकच ताजी रंगवलेली असली की त्यांचा चेहरा खुलतो. कालनिर्णय गुडघ्याच्या उंचीवर टांगलेलं असलं तर विचारूच नका. ते उचलून मागची ओल, पोपडे आणि पांढरा क्षार ते सर्वांना हौसेनं दाखवतात. भेगांच्या बाबतीत मात्र न्यायी. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा ते माफ करतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दिसली की एजंटचंच व्हिजिटिंग कार्ड मागून घेतात आणि ते आत शिरतंय का बघतात. तुळईच्या कडेनं सरळ भेग आणि सोबत तांबूस डाग असला तर कार्ड परत देतात आणि घरमालकाचीच शिकवणी घेतात. आतली सळई गंजली की फुगते, आणि फुगलेली सळई काँक्रीट फोडूनच बाहेर येते. वरून पुट्टी भरून ती थांबत नाही.

मग रुपया निघतो. फरशी न् फरशी वाजवत काका हॉलभर रांगतात. आवाज बद्द आला की खाली मसाला भरलेला नाही, फरशी पोकळ. पाठोपाठ गोटी. गोटी हॉलमध्ये हलता कामा नये आणि बाथरूममध्ये थांबता कामा नये, एवढं त्यांचं स्थापत्यशास्त्र. आणि खरं सांगायचं तर एवढं पाळलेली घरंही थोडीच असतात. बाथरूममध्ये ते बादलीभर पाणी ओततात आणि मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहतात. पाणी नहाणी ट्रॅपकडे न जाता उंबरठ्याकडे निघालं की मालकीणबाई फडकं आणायला धावतात. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. सिंकखाली डोकं घालणारे हेच एक.

त्यांची खरी करामत मात्र त्या घरात घडतच नाही. सगळे चहाची वाट बघत असताना काका गुपचूप एक मजला खाली उतरतात आणि बेल वाजवतात. “वरचा फ्लॅट बघायला आलोय. जरा पाणी मिळेल का?” खालच्या वहिनी जणू याच प्रश्नासाठी थांबलेल्या असतात. पाणी राहतं बाजूला. त्या काकांना थेट आपल्या बाथरूममध्ये नेऊन छत दाखवतात, छताखालची बादली दाखवतात, सोसायटीला दिलेल्या अर्जांची फाइल दाखवतात. वर पीओपीच्या नक्षीखाली झाकलेला इतिहास खाली उघडा पडलेला असतो. येताना काका वॉचमनला टँकरचा भाव विचारतात आणि सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागतात. इमारत पंधरा वर्षांची झाली की सोसायटीनं ही तपासणी करून घ्यायची, असं आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे. सेक्रेटरींना हे तेव्हाच कळतं.

कागदपत्रांत ते पडत नाहीत. इंडेक्स टू, भोगवटा पत्र, सर्च रिपोर्ट ही वकिलाची कामं. अर्थिंग मात्र ते स्वतःच तपासतात, आणि तेव्हा मी त्यांच्यापासून चार हात लांब असतो. ते काम वायरमननंच करावं.

“घर चांगलं आहे” असं काका कधी म्हणत नाहीत. “बघू” म्हणाले, की घ्यावं. “जागा मोक्याची आहे” म्हणाले, की चहा संपवून निघावं. बाकी भाव पाडायला त्यांच्या कपाळावरची आठी पुरते.

नव्या घराला निदान रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. जुनं घर घेणाऱ्याला काकांशिवाय वाली नाही. तेव्हा घर बघायला निघालात तर त्यांना आदल्या दिवशी कळवा. एजंटला मात्र ते येणार असल्याचं मुळीच सांगू नका.