पंखा फिरतो ना?

मूळ द्वारका समुद्रात बुडाली म्हणतात. नाशिकच्या द्वारकेला आमच्या गाडीतलं पाणी उकळायचं. मुंबई नाक्यापर्यंत काटा शहाण्यासारखा मध्यावर असे, आणि द्वारकेच्या कोंडीत शिरलो की लाल रेघेच्या भेटीला निघे. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. कंपनीचा काही दोष नव्हता, आणि म्हातारपणी कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणू नये.

पहिल्या मिस्त्रीने रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळाल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. त्याने दुसरी मोटर बसवली आणि जाता जाता थर्मोस्टॅटचा वॉल्व्हही उपटून ड्रॉवरमध्ये टाकला. "हे थंड देशातले लाड, साहेब. आपल्याकडं कशाला?" मी मान डोलावली. डॉक्टर, भटजी आणि मिस्त्री यांच्यापुढे माणूस दुसरं काय करतो?

गाडी दुसऱ्याच दिवशी उकळली.

आता आमच्या कॉलनीबद्दल सांगायला हवं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं इथे एवढी आहेत, की बॉनेट उघडलं तर मंडळ भरतं. एक काका आयुष्यभर क्वालिटीत होते. त्यांना समोर येईल ते रिजेक्ट करायची सवय. मला पाहिलं तरी ते आधी कडा तपासतात. दुसरे टर्नर. त्यांचं म्हणणं, दोष कुठलाही असो, काहीतरी खराद मशीनवर चढवल्याशिवाय जायचा नाही. क्वालिटीकाकांनी मला उभ्याउभ्या शिकवलं, की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्यामुळे इथे पाणी 98 अंशांनाच उकळतं. पण रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून गाडीतलं पाणी शंभरी ओलांडूनही शांत राहतं. "म्हणून गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही," असं म्हणून त्यांनी हात लावून दाखवला. नंतर दोन आठवडे ते डाव्या हाताने नमस्कार करत होते.

झाकण नवं आणलं. दुसऱ्या मिस्त्रीने रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्यांतून सळ्या घातल्या आणि चहासारखं पाणी काढून दाखवलं. त्यानंतर मुंबईहून येताना गाडी कसारा घाटात बसली. शेजारून लोहमार्ग जातो. 37 फुटांना एक फूट असा तिथला चढ. गाड्या वर ढकलायला रेल्वे मागून जादा इंजिनं लावते, त्यांना बँकर म्हणतात. माझ्या मागे फक्त हॉर्न होते.

तिसऱ्या मिस्त्रीने हेडच उतरवलं. गॅस्केट नवी, हेडला फेसिंग. टर्नरकाकांना धन्य वाटलं, कारण शेवटी काहीतरी मशीनवर चढलं होतं. बिल पाहून माझाही काटा लाल रेघेपाशी गेला. या तिघांनी, कॉलनीने आणि मेहुण्याने मला सगळ्यात पहिला प्रश्न एकच विचारला होता: "पंखा फिरतो ना?" मी प्रत्येकाला बॉनेट उघडून दाखवलं होतं. फिरत होता. भिंगरीसारखा फिरत होता.

मे महिन्यात आत्याने वणीच्या देवीचा हट्ट धरला. दिंडोरी सोडल्यावर काटा चढू लागला, तेव्हा मी शेवटचा उपाय केला: गाडीतला हीटर पुरता सोडला. हीटरही इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो. तो एक लहानसा रेडिएटरच, त्यातून इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. फक्त ती बाहेर म्हणजे आपल्या अंगावर पडते.

"अरे, खिडकीतून गरम, पुढून गरम," आत्या म्हणाली, "देवीला काय भाजून दाखवणार आहेस मला?"

नांदुरीला, गडाच्या घाटाच्या पायथ्याशी, गाडीने वाफ सोडली. मी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. आत्या खाली उतरली, नारळाच्या पिशवीतून दोन उदबत्त्या काढल्या, पेटवल्या आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर ओवाळायला लागली. मग खोकली. डोळे पुसून पुन्हा ओवाळलं, पुन्हा खोकली.

"अरे, ही धूप घेत नाहीये. सगळा माझ्याच तोंडावर सोडतेय."

बाजूला जीपवाला तंबाखू मळत उभा होता. मळता मळता थांबला. त्याने माझ्या हातातला पेपर घेऊन एक पान जाळीवर धरलं आणि सोडलं. पान चिकटायला हवं होतं. ते उडून आत्याच्या पायाशी पडलं.

"दादा, पंखा उलटा फिरतोय."

मोटर बसवताना पहिल्या मिस्त्रीने दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंख्याने बाहेरची हवा आत ओढायची, तर तो इंजिनाची धग घेऊन समोरून येणाऱ्या वाऱ्याशी महिनाभर झुंजत होता. जीपवाल्याने वायरी अदलाबदल करून टेप गुंडाळला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. घाटभर काटा मध्यावरून हलला नाही. आत्याने श्रेय देवीला दिलं. संध्याकाळी क्वालिटीकाका म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच पंखा विचारला होता." टर्नरकाका अजूनही म्हणतात की गुण फेसिंगचा.

डिसेंबरात निफाडला लग्न होतं. पारा घसरला की निफाड दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर येतं, त्याच दिवसांतलं. पहाटे पाचला निघालो. आत्याने दोन शाली पांघरल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत हीटर सोडला, आणि ओझरच्या पुढेही त्यातून बर्फासारखा वारा येत राहिला. तो वॉल्व्ह इंजिन गार असताना पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरतो, 80-82 अंशांपर्यंत तापलं की उघडतो. आमचा उघडा किंवा बंद असण्याचा प्रश्नच नव्हता. तो मिस्त्रीच्या ड्रॉवरमध्ये होता.

"अरे," शालीतून आवाज आला, "मे महिन्यात लावला होतास तो वारा कुठे गेला?"