तोडग्याखाली नाव कोणाचं?

मोठ्या कंपन्यांत हल्ली ‘नॉलेज पोर्टल’ असतं. लॉगिन असतं, शोधायची पट्टी असते, वर मोठ्या साहेबांचा संदेश असतो. पण मशीन अडलं की शॉप फ्लोअरवरचा माणूस पोर्टल उघडत नाही, दुसऱ्या पाळीतल्या जुन्या मेकॅनिकला फोन लावतो. यावर मॅनेजमेंटचं निदान ठरलेलं आहे: लोक माहिती दाबून ठेवतात, त्यांना कॉम्प्युटरची सवय नाही. हे निदान साफ चुकीचं आहे. तसा पुरावा अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीत केव्हाच मिळालेला आहे.

1980च्या दशकात ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात होता. कॉपिअर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ काम कसं करतात, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं आधी त्यांचं ट्रेनिंग स्वतः घेतलं, मग त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकांकडे फिरला. कंपनीनं मॅन्युअल दिलं होतं. अमुक कोड दिसला तर हे तपासा, तमुक भाग बदला. पण अवघड बिघाड त्या चौकटीत बसत नसत. मग ही माणसं नाश्त्याला, जेवणाला एकत्र जमत. कोणत्या यंत्रानं कसं छळलं, शेवटी काय निघालं, हे एकमेकांना सांगत. त्या गोष्टींतून पुढच्या बिघाडाचं कोडं सुटायचं. ऑरचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक 1996 मध्ये आलं. वेळ काढणं म्हणून कुठल्याही साहेबानं ज्या गप्पा बंद केल्या असत्या, त्या गप्पांवर कंपनीची दुरुस्ती चालली होती, हे त्यानं दाखवून दिलं.

पुढचा भाग आपल्या कंपन्यांनी नीट वाचावा. याच केंद्रातल्या संशोधकांनी तंत्रज्ञांसाठी आधी कृत्रिम बुद्धिमत्तेवरची निदानप्रणाली बांधली. ती हुशार होती, पण तंत्रज्ञांच्या कामाची निघाली नाही, कारण त्यांना अडवणारे बिघाड कागदपत्रांत नव्हतेच. तेव्हा संशोधकांनी मोहरा बदलला आणि 1990च्या दशकात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांबरोबर ‘युरेका’ ही तोडग्यांची संगणकीय नोंदवही उभी केली. तंत्रज्ञानं आपला तोडगा लिहायचा. त्याच कामातल्या अनुभवी माणसांनी तो तपासायचा. पास झाला की लिहिणाऱ्याच्या नावासकट तो सगळ्यांना मिळणार. तोडग्यामागे पैसे द्यावेत का, हाही विचार झाला होता. तंत्रज्ञांनी पैशापेक्षा नाव पसंत केलं. आपल्या धंद्यातल्या माणसांनी आपल्याला ओळखावं, ही त्यांची मागणी होती.

ब्राझीलमधल्या एका गिऱ्हाइकाचं महागडं रंगीत यंत्र वारंवार बंद पडत होतं. ते बदलून द्यायची वेळ आली होती, खर्च 40,000 डॉलरच्या घरात. तिथल्या तंत्रज्ञाला युरेकावर मॉन्ट्रियलच्या एका तंत्रज्ञाचा तोडगा सापडला: एक जोडणीचा भाग बदला. त्या भागाची किंमत एक डॉलरही नव्हती. मॉन्ट्रियलचा अनुभव ब्राझीलला पोचवला तो माहिती तंत्रज्ञानानं, आणि हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे. जेवणाच्या टेबलावरची गोष्ट टेबलाभोवतीच्या चौघांनाच ऐकू जाते.

पण तार टाकली म्हणजे ज्ञान वाहू लागतं, असं नाही. याचा दाखलाही झेरॉक्सच. 1973 मध्ये याच केंद्रात माऊस आणि खिडक्यांचा आल्टो संगणक बनला, त्याच वर्षी संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटची कल्पनाही इथंच मांडली गेली. घराघरांत, ऑफिसाऑफिसांत संगणक नेण्याची संधी हातात होती. कॉपिअर विकण्यात गुंतलेल्या वरिष्ठांना तिचं मोल वेळेवर कळलं नाही. 1979 च्या अखेरीस ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं या केंद्राला भेट दिली आणि 1984 मध्ये माऊस आणि खिडक्या घेऊन ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. संगणकांना जोडणारी तार शोधणाऱ्या कंपनीत संशोधक आणि वरिष्ठ एकमेकांना जोडले गेले नव्हते.

आता बऱ्याच कंपन्या आपल्या कागदपत्रांवर चॅटबॉट बसवत आहेत. मला त्याची काळजी वाटते. बॉट मॅन्युअल वाचेल, जुने रिपोर्ट वाचेल. जे कोणी कधी लिहिलंच नाही, ते तो कुठून वाचणार? पंचवीस वर्षं एकाच प्रेसवर काढलेला फिटर निवृत्त होतो. त्याला शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळतं. त्याला कळत होतं ते सगळं त्याच दिवशी गेटबाहेर पडतं. त्यानं लिहिलं का नाही? कारण त्याला कोणी विचारलं नाही. आणि ज्या थोड्यांनी सुचवलं, त्यांची सूचना प्रेझेंटेशनमध्ये साहेबांच्या नावावर गेली. एकदा असं झालं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि त्यात त्याचं काहीही चुकत नाही.

म्हणून कंपन्या चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवण्याआधी तीन गोष्टी करा. प्रत्येक तोडग्याखाली तो शोधणाऱ्याचं नाव छापा, मग तो कंत्राटी कामगार का असेना. तपासणी त्याच कामातल्या माणसांकडे द्या. आणि पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांना बोलायला पगारी पंधरा मिनिटं द्या. हे करायला परवाना लागत नाही, सल्लागारही लागत नाही.