निराशाबाईंचे जाहीर आभार

श्रीमती निराशाबाई यांस,
मु. पो. आर्णी, जि. यवतमाळ



सभासद नोंदणी नाही, सभा नाही, तरी आमच्या तालुक्यात गावोगाव पोचलेला पक्ष तुमचाच. बाकीच्यांना माणसं आणायला गाड्या लावाव्या लागतात; तुमचे कार्यकर्ते सकाळीच टपरीवर आपसूक जमतात आणि एककलमी जाहीरनामा वाचतात: ‘वरचाच रुसला, त आपल्याच्यानं काय होते?’ (चहावर चर्चा करण्यात आमचा तालुका तसा नामांकित. २० मार्च २०१४ ला दाभडीत ती खुद्द मोदींनी करून दाखवली.)

तुमचा सत्कार व्हायलाच हवा, आणि शाल-श्रीफळ सरकारनं द्यावं. सगळ्यात जास्त सोय तुम्ही त्याचीच केलीत.

जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावरच्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. तुम्ही लगेच आभाळाकडे बोट दाखवलंत. बरोबरच आहे, आभाळाला निवेदन देता येत नाही. धूर सोडला कोणी कुठल्या देशात आणि कपाशी पिवळी पडली आर्णीत, हवामानबदलाचा इतका लांबचा हिशेब मांडला की जाब विचारायला जवळपास कोणी उरतच नाही.

पण बाई, पाऊस आभाळातून पडला तरी अतिवृष्टी ठरते कागदावर. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर ती अतिवृष्टी. यंत्र एका शिवारात आणि ढग दुसऱ्या शिवारात, असं झालं तर सोयाबीन पाण्याखाली आणि नोंदीत रिमझिम. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या आत असलं तर सरकारी मदतीच्या लेखी ते नुकसानच नव्हे. हे आकडे वरुणराजानं ठरवलेले नाहीत. एक रुपयातला पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात गेला. जाताना स्थानिक आपत्तीची भरपाईही घेऊन गेला, त्या हंगामात मदार राहिली ती मुख्यतः पीककापणी प्रयोगावर. हवामान खात्याला याचा पत्ताही नसेल. निर्णय मंत्रिमंडळाचा होता, आणि मंत्र्यांना मतं लागतात.

एक तक्रार मात्र कळवतो. पैनगंगेच्या काठी तुमची शाखा काही तग धरत नाही. निम्न पैनगंगा धरणाला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली, आणि बुडीत जाणारी गावं ठराव, मोर्चे, निवेदनं यांना अजून कंटाळलेली नाहीत. धरणाबाबत माझं त्यांच्याशी पुरतं एकमत नाही. कोरडवाहू माणूस आहे मी, पाणी म्हटलं की मन हलतंच. पण ज्या माणसाला सरकारी कागदातला आपला गट नंबर तोंडपाठ आहे, त्याच्यापुढे तुमची डाळ शिजत नाही एवढं खरं.

ठरावांची ही लागण आमच्या गावातही झाली आहे. येत्या ग्रामसभेत ‘पर्जन्यमापक मंडळात एक नको, गावागणिक हवा’ असा ठराव येतोय. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा पुरतो. तेव्हा तुमच्या चार-दोन कार्यकर्त्यांना त्या दिवशी सुट्टी द्यावी, ही विनंती. हात वर करण्यापुरतेच हवे आहेत. बोलणारे आमच्याकडे आहेत.

आपला,
आर्णी तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी